पहिलं सिझर, दुसऱ्या वेळी काय? बेळगावातल्या एका मॅटर्निटी हॉस्पिटलला माझे 4 स्टार

आधीच सांगून टाकते, माझी नॉर्मल झाली नाही. दुसरंही सिझरच झालं. तरी मी या हॉस्पिटलला 4 स्टार देतेय आणि आमच्या घरात हे कुणालाच पटत नाही. सासूबाई म्हणतात, नॉर्मल होतंय काय बघूया म्हणून एवढ्या लांब गेलीस, गणेबैलचा टोल भरून भरून दमलो, आणि शेवटी पोट फाडूनच आलीस की गे, मग चार स्टार कशाचे? तर कशाचे तेच लिहितेय.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. यात आणखी दोन-तीन ठिकाणच्या तक्रारी पण येणार आहेत, त्यांची नावं झाकायची आणि एकाचं तेवढं मिरवायचं हे बरं दिसत नाही. बेळगाव शहरातलं, तीसेक बेडचं, फक्त बायका आणि बाळं असलेलं हॉस्पिटल एवढं समजा.

माझं सासर खानापूर तालुक्यात, माहेर निपाणीकडं. पहिला मुलगा पायाळू. म्हणजे डोकं वर, पाय खाली, शेवटपर्यंत फिरलाच नाही म्हणून 38 आठवडे झाल्यावर तालुक्याच्या एका नर्सिंग होममध्ये सिझर केलं. त्यावरून आमच्याकडं अजून वाद आहे. आज्जेसासूबाई म्हणतात सिझरनं काढलेलं पोर पायाळू कसलं, वाटेनं पायावर आलं तरच पायाळू. सासरे म्हणतात पोटात तसाच होता ना, मग झालं. वाद मिटेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नाही, गल्लीतल्या कुणाच्या कंबरेत उसण भरली की येऊन आमच्या सोप्यात पालथं पडतात आणि आमचा तीन वर्षांचा हिरो लाथ मारून चॉकलेट घेतो. बरं वाटतंय म्हणे. हे एवढं सांगायचं कारण असं की पुढं त्याचं पायाळूपण माझ्या कामाला आलं.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मला स्वतःला सिझरच पाहिजे होतं, हे खरं सांगते. पहिल्या वेळी कळा आल्याच नव्हत्या, तारीख सांगितली, गेलो, झोपलो, बाळ हातात. टाके दुखले, महिनाभर नीट वाकता येत नव्हतं, पण ते दुखणं मला माहीत होतं. कळा म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि जावेनं तिच्या 18 तासांची कहाणी इतक्या वेळा सांगितलेली की नको ते नॉर्मल असं झालेलं. आमच्या ह्यांना मात्र नॉर्मल पाहिजे होतं, कारण मागच्या वेळी मी दीड महिना घागर उचलू शकले नव्हते आणि बिल पण लक्षात होतं. आणि सासूबाईंना सिझर चालणार होतं पण आषाढ लागायच्या आत. तिघांची तीन तोंडं.

तीन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी मॅडमनी मान वर न करता लिहिलं, रिपीट. मी विचारलं, होऊ शकत नाही काय नॉर्मल? तर म्हणाल्या एकदा सिझर म्हणजे परत सिझर, एवढं काय विचारायचं त्यात. मला तर सिझरच पाहिजे होतं, खुश व्हायला पाहिजे होतं मी, पण राग आला. त्यांनी पहिल्या सिझरचा कागद पण बघितला नाही, का झालं ते विचारलं नाही. नंतर कळलं की ते वाक्य 1916 सालचं आहे, न्यूयॉर्कच्या क्रेगिन नावाच्या डॉक्टरचं. म्हणजे ज्या वर्षी टिळकांनी आमच्या बेळगावात होमरूल लीग काढली त्या वर्षीचं! तेव्हा पिशवीवर वरच्या भागात उभा छेद घ्यायचे, तो पुढच्या बाळंतपणात सुटायची भीती जास्त. आता खालच्या पातळ भागात आडवा घेतात. छेद बदलला पण वाक्य तेच राहिलं.

दुसऱ्या ठिकाणी एकदम उलटं. डॉक्टर हसतमुख, म्हणाले टेन्शन घेऊ नका, नॉर्मल करून टाकू, आमच्याकडं सिझरनंतरच्या पुष्कळ नॉर्मल होतात. ह्यांना एकदम आवडलं. मी निघता निघता सिस्टरला सहज विचारलं, रात्री भूल द्यायचे डॉक्टर इथंच असतात काय, तर ती म्हणाली नाही, फोन केला की येतात, शहरातल्याच शहापूरहून, ट्रॅफिक नसेल तर 20 मिनिटं. त्या वेळी मला त्या उत्तराचा अर्थ नीट कळला नव्हता. तिसऱ्या ठिकाणी कळला. आणि आज कुणी मला विचारलं तर मी सांगेन की नॉर्मल करता काय हा प्रश्न विचारूच नका, सगळे हो म्हणतात. रात्री 2 वाजता या बिल्डिंगमध्ये कोण कोण झोपलेलं असतं ते विचारा.

तर हे तिसरं ठिकाण, ज्याचा हा रिव्ह्यू. टोकन घेऊन पावणेतीन तास बसलो. त्याचा अर्धा स्टार तिथंच कापला. बसायला खुर्च्या पुरत नाहीत, पोटुशी बाई उभी आणि तिच्याबरोबर आलेला भाऊ बसलेला असं चित्र रोज दिसतं, कुणी काही बोलत नाही. स्कॅनिंगच्या लाईनीत बायका एकमेकींना टाक्याची जाडी विचारत होत्या, माझी 2.8 आली, तुमची किती, अगदी दहावीचे मार्क विचारतात तसं. (नंतर मॅडमनी सांगितलं की त्या एका आकड्यावर काही ठरत नाही, अमुक मिलिमीटरच्या वर पास आणि खाली नापास अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेघ नाही. लाईनीत सांगितलं असतं तर दोन-तीन बायका रडायच्या राहिल्या असत्या.)

आत गेल्यावर मात्र मॅडमनी 25 मिनिटं दिली. मी घड्याळ बघत होते कारण बाहेर शिव्या पडत असणार. पन्नाशीच्या असतील, मराठी-कानडी-हिंदी सगळं एकत्र बोलतात. पहिला प्रश्न, तुला काय पाहिजे ते आधी सांग, घरच्यांचं नंतर. मी म्हटलं सिझर. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या ठीक आहे, तो पण पर्याय आहे, पण दोन्ही बघून मग घे.

मग पहिल्या सिझरचा कागद मागितला. माझ्याकडं डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर तारीख, बाळाचं वजन आणि एलएससीएस (म्हणजे पिशवीच्या खालच्या भागातलं सिझर) असं एका ओळीत, बाकी कोरं. मॅडम म्हणाल्या पोटावरचा टाका आडवा आहे म्हणून आतला पण आडवाच असं धरून चालत नाही, आतला महत्त्वाचा, ऑपरेशनच्या नोट्स घेऊन या. प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला उलटा पेरू काढला आणि दाखवलं, वरचा जाड भाग हा, खालचा निमुळता भाग हा, इथं आडवा छेद असेल तर कळा देऊन बघता येतं, इथं वर उभा असेल तर नाही, मग तारीख ठरवून सिझरच.

त्या नोट्ससाठी आम्ही जुन्या नर्सिंग होमला चार चकरा मारल्या. पहिल्यांदा म्हणाले फाईल वरच्या मजल्यावर आहे, दुसऱ्यांदा ती बघणारा माणूस जत्रेला गेलाय, तिसऱ्यांदा पावसात भिजली, चौथ्यांदा तुम्हाला कशाला पाहिजे, केस करणार काय? शेवटपर्यंत दिली नाही. मी मॅडमना सांगितलं तेव्हा मला वाटलं आता नॉर्मलचं दार बंद. पण त्या म्हणाल्या, कार्डावर एलएससीएस लिहिलंय, पूर्ण दिवसांचं, बाळ पायाळू म्हणून ठरवून केलेलं, म्हणजे खालचा आडवा छेद असायचीच शक्यता जास्त. खूप आधी, सहाव्या-सातव्या महिन्यात काढलेलं बाळ असतं तर मी घाबरले असते. म्हणून म्हणते, पहिलं सिझर झालंय त्यांनी आजच जाऊन नोट्सची कॉपी घ्या, दुसऱ्याचा विचार नसला तरी घ्या.

आकडे मॅडमनी असे सांगितले आणि मी घरी येऊन वहीत उतरवले. एक सिझर झालेल्या 100 जणींनी कळा देऊन बघितलं तर साधारण 60 ते 80 जणींची नॉर्मल होते. आधी कधी नॉर्मल झालेली असेल तर त्याहून जास्त, ती माझी नव्हती. पण पहिलं सिझर बाळ पायाळू म्हणून झालं असेल तर चान्स चांगला, कारण ते कारण त्या वेळेपुरतं होतं, दर वेळी तसंच होईल असं नाही. बाळ खाली उतरलंच नाही म्हणून सिझर झालं असतं तर चान्स कमी धरावा लागतो. (बघा, लाथ मारणारं पोरगं कामाला आलं.) दोन बाळंतपणांत अंतर दीड वर्षाच्या आत असेल तर टाक्याला धोका वाढतो, माझं तीन वर्षांच्या वर होतं.

आणि धोका काय, तर आतला टाका कळांत सुटणं. असं 200 जणींत साधारण एकीला होतं. कळा यायच्या आधी ठरवून सिझर केलं तर 10,000 जणींत दोघींना पण नाही. 200 त एक म्हणजे थोडं वाटतं पण होतं तेव्हा मिनिटांचा खेळ असतो, बाळाला त्रास होतो, जीव पण जाऊ शकतो, कधी कधी पिशवी काढावी लागते. बहुतेक वेळा पहिली खूण म्हणजे बाळाचे ठोके खाली जातात, म्हणून कळा चालू झाल्या की पोटाला मशीनचा पट्टा बांधून ठेवतात, काढत नाहीत. इथं मला ते शहापूरहून येणारे 20 मिनिटं आठवले. मी लगेच विचारलं, मॅडम, तुमच्याकडं रात्री भूल द्यायला कोण असतं? त्या हसल्या, म्हणाल्या चांगला प्रश्न आहे, चल दाखवते. खरंच उठून दाखवलं. लेबर रूम आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) एकाच मजल्यावर, मधे एक दार. भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर रात्रपाळीला आतच. टाकेवाली बाई कळांत असली की तिच्या ग्रुपचं रक्त आधीच मॅच करून ठेवतात. सिझर करायचं ठरल्यापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर असं गृहीत धरून माणसं ठेवलीत, त्याच्या आत झालं तर चांगलंच.

मग सिझरची बाजू. मला वाटायचं सिझर म्हणजे सेफ आणि नॉर्मल म्हणजे रिस्क, पण दर सिझरला आतड्या-मूत्राशय चिकटायचं वाढत जातं, रक्त जास्त जातं, आणि पुढचं पोर पाहिजे असेल तर वारेचं (प्लॅसेंटाचं) बघायला लागतं. दोन सिझर झालेल्या बाईची वार तिसऱ्या खेपेला खाली तोंडावर बसली तर 100 पैकी 40 जणींत ती जुन्या टाक्यात रुतते, सुटत नाही. हा आकडा ऐकून मी गप्प झाले, कारण आमच्याकडं दोन मुलगे झाले तर मुलीसाठी आणि दोन मुली झाल्या तर मुलासाठी तिसरं असा हिशेब अजून चालतो. एक गोष्ट मॅडमनी दोनदा सांगितली, सगळ्यात जास्त त्रास होतो तो कळा देऊन अर्ध्यातून कराव्या लागणाऱ्या सिझरला, ठरवलेल्या सिझरपेक्षा पण जास्त, म्हणून नॉर्मलचा चान्स किती हे आधी बघायचं.

बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, बघूया कळा देऊन. मला कुणी पटवलं नाही, पटवायचा प्रयत्न केला असता तर मी सिझरच घेतलं असतं बहुतेक. माझा स्वभाव आहे तसा.

आता सासूबाई. 37 वा आठवडा चालू होता आणि आषाढ दोन दिवसांवर. जोतिषानं एक सकाळ काढून दिलेली. सासूबाई स्वतः आल्या मॅडमकडं, साडी-बिडी नेसून, देवाचा अंगारा घेऊन. मॅडमनी अंगारा लावून घेतला आणि सांगितलं मावशी, ठरवून सिझर मी 39 आठवड्यांच्या आत करत नाही, आत्ता काढलं तर बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवायला लागेल, पेटीला पण मुहूर्त बघणार काय? सासूबाई गप्प. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, बाई तोंडाळ आहे पण खरं बोलतंय.

लांबचा प्रश्न राहिला. आमचं गाव खानापूरच्या पुढं आत 12 किलोमीटर, खानापूरहून बेळगाव 25-26, जुलैचा पाऊस म्हणजे गावच्या रस्त्यावर ओढा कुठला आणि रस्ता कुठला कळत नाही, आणि पुढं मच्छे-पिरनवाडीला ट्रॅफिक. टाकेवालीनं घरी कळा वाढवत बसायचं नाही, चालू झाल्या की यायचं असं सांगितलेलं. नणंद म्हणत होती निपाणीला ये, कोल्हापूर तिथून जवळ. गावची आशा वर्कर अक्का म्हणत होती सिव्हिलला जा की, चोवीस तास डॉक्टर असतात, फुकटात होतंय, आणि तिचं चूक नव्हतं, पैशाची अडचण असती तर मी तिकडंच गेले असते. शेवटी 38 आठवड्यांना मी बेळगावातच वडगावात मावससासूबाईंकडं राहायला आले. शेजारी मागाचा कारखाना, रात्रभर खटखट खटखट. पहिल्या रात्री झोप नाही, चौथ्या रात्री माग बंद पडला तर जाग आली.

कळांची वाट बघणं म्हणजे काय ते मी आता पुस्तक लिहू शकेन. 39 झाले, 40 झाले. गावाकडून रोज फोन, झालं काय? मावससासूबाईंनी एरंडेल द्यायचं काढलं, मी मॅडमना फोन करून विचारलं, त्या ओरडल्या, अजिबात नाही. रोज संध्याकाळी पाऊस उघडला की गल्लीतनं फेऱ्या. गल्लीतल्या बायका कोपऱ्यावरून विचारायच्या, अजून न्हाई?

40 आठवडे 6 दिवसांना आत बघितलं, पिशवीचं तोंड बंदच. बाळाचा अंदाज 3.7 किलो. मॅडमनी परत बसवून सांगितलं. दोन दिवस अजून थांबू शकतो, ठोके आणि पाणी बघत. नाहीतर फुगा घालून तोंड उघडायचा प्रयत्न करू शकतो. कळा आणायच्या त्या गोळ्या टाकेवालीला देत नाही, टाका सुटायचा धोका फार वाढतो. फुग्याला तेवढा नाही, पण आपोआप आलेल्या कळांपेक्षा कळा आणण्यात धोका जास्तच, आणि पहिली नॉर्मल झालेली नसताना तोंड एवढं बंद असेल तर चान्स पण मी सांगितलेल्या आकड्याच्या खालच्या बाजूला. नाहीतर उद्या सिझर. तुम्ही दोघं बोला, संध्याकाळपर्यंत सांगा, घाई नाही.

आम्ही किल्ल्याच्या तळ्याकाठी जाऊन बसलो. हे म्हणाले दोन दिवस थांबूया, एवढं थांबलोय. मी तळ्याकडं बघत भेळ खाल्ली आणि म्हटलं नको, फुगा नको आणि थांबणं पण नको, मला उद्या बाळ पाहिजे. तीन महिने मी वाचून, विचारून, लिहून काढून नॉर्मलचं ठरवलेलं आणि पंधरा मिनिटांत बदललं. हे काही बोलले नाहीत, मोबाईल काढून मुलाला व्हिडिओ कॉल लावला. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या नक्की? मी हो म्हटलं. त्यांनी लिहायला घेतलं. हुश्श वाटलं आणि वाईट पण वाटलं.

आता सही. फॉर्म कानडी आणि इंग्लिशमध्ये. मी खानापूरची मराठी मीडियम, कानडी विषय होता शाळेत, अक्षरं लागतात पण चार पानांत गर्भाशय सोडून एक शब्द कळला नाही. ह्यांनी वाचून सांगितलं. सीमेचा वाद 1956 पासून चाललाय तो चालू दे, मला त्यात पडायचं नाही, पण OPD मधल्या अर्ध्या बायका मराठी बोलतात हे सगळ्यांना दिसतंय, ओटीच्या दारात सही करणाऱ्या बाईला तिच्या भाषेतलं एक पान दिलं तर कुणाचं काय जातंय? मॅडम तोंडानं सगळं मराठीत सांगतात, मग कागदावर का नाही? उरलेला अर्धा स्टार इथं कापला.

त्या फॉर्ममध्येच एक गोष्ट मात्र चांगली. मुलं न होण्याचं ऑपरेशन सिझरबरोबर करायचं काय हे मॅडमनी मला आठव्या महिन्यातच, ह्यांना आणि सासूबाईंना बाहेर बसवून विचारलेलं. पहिल्या वेळी, त्या जुन्या ठिकाणी, मला टेबलावर झोपवल्यावर विचारलेलं, करून टाकू काय? पहिल्याच पोराला! मी इथं नको म्हटलं. सासूबाईंना वाटतंय झालंय. ह्यांनी स्वतःचं करून घ्यायचं असं आमचं दोघांचं ठरलंय, बायकांपेक्षा पुरुषांचं सोपं असतं, पोट उघडायला लागत नाही. अजून मुहूर्त लागलेला नाही.

सिझर सकाळी 9 ला. पाठीत इंजेक्शन देताना बैलहोंगलकडची एक सिस्टर माझे खांदे धरून उभी होती, हेदरबेडी अक्का, हेदरबेडी (घाबरू नका), आणि मधेच मराठीत, श्वास सोड, सोड, झालंच बग. मागच्या वेळी कुणी हात पण धरला नव्हता. मुलगी झाली, 3.6 किलो, पडद्याच्या वरून दाखवली आणि पुसून लगेच माझ्या छातीवर ठेवली, टाके घालेपर्यंत तिथंच होती. पहिला मुलगा मला चार तासांनी दिसलेला, कुणाकुणाच्या हातातून फिरून. या एका गोष्टीसाठी मी बाकीचं पुष्कळ माफ केलं असतं.

दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडम म्हणाल्या आतला टाका चांगला होता, आडवाच होता, चिकटलेलं फार नव्हतं. आनंदाची गोष्ट आहे ना ही? मी बाथरूममध्ये जाऊन रडले. टाका चांगला होता म्हणजे दोन दिवस थांबले असते तर, असं डोक्यात फिरत राहिलं. त्यातच शेजारच्या बेडवर गोकाकची एक बाई, तिचं पण पहिलं सिझर, पहाटे 4 ला नॉर्मल झाली आणि नाश्त्याला चालत कॅन्टीनपर्यंत गेली. मी कॅथेटर लावून पडलेले. जळफळाट झाला माझा. मग ती परत आली आणि खुर्चीवर बसताना एवढी कण्हली की विचारू नका, तिला खाली टाके होते, नॉर्मलमध्ये टाके नसतात असं मला कुणी सांगितलं होतं काय माहीत. तिला मराठी येत नाही, मला कानडी नीट येत नाही, दोघींनी मोडक्या हिंदीत चार दिवस काढले. म्हणजे मी चार दिवस, ती दोन दिवसांत गेली. जाताना तिच्याकडचा अर्धा कुंदा ठेवून गेली.

बाकी किरकोळ. रूम स्वच्छ, बाथरूमला पकडायला दांडा आहे, सिझरवालीला त्याची किंमत कळते. दूध पाजायचं शिकवणारी सिस्टर फक्त दिवसा, रात्री बाळ रडलं की डब्याचं दूध द्या म्हणून मोकळ्या, इथं सुधारायला पाहिजे. कॅन्टीनचं जेवण म्हणजे पाणचट सार आणि मऊ भात, आमच्या आईनं निपाणीहून आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आणले म्हणून निभावलं. पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावा आणि शेजाऱ्यांचं ऐका. भेटायच्या वेळेला वॉचमन खरंच सोडत नाही, ह्याचा आमच्या गावच्या 14 माणसांना राग आला, मला नाही.

बिल. सेमी प्रायव्हेटचं सिझर पॅकेज 62,000 सांगितलेलं, हातात आलं 71,400, वरचे पैसे बाळाचे डॉक्टर आणि औषधं. हे आधी विचारून घ्या. आणि कळा देऊन मग सिझर झालं तर लेबर रूमचे वेगळे लागतात, ते पण पॅकेजमध्ये नाही, गोकाकवालीच्या नवऱ्यानं आधीच विचारून ठेवलेलं म्हणून मला कळलं. बिलाच्या खिडकीवरचा माणूस विचारल्याशिवाय काही सांगत नाही, विचारलं की नीट सांगतो.

डिस्चार्जच्या दिवशी फाईल दिली त्यात मी न मागता ऑपरेशनच्या नोट्सची कॉपी होती, दीड पान, छेद कुठं, कसा, किती पदरी शिवला, काय चिकटलेलं, सगळं, आणि कोपऱ्यात पेनानं काढलेला उलटा पेरू, त्यावर एक आडवी रेघ. मी खडेबाजारातून लॅमिनेट करून आणला आणि ताई कार्डाबरोबर (गरोदरपणाचं सरकारी कार्ड, कानडीत तायी म्हणजे आई) ट्रंकेत ठेवलाय. तिसरं नकोय आम्हाला. तरी ठेवलाय.